लष्करी शोधदीप व त्यांचा जीर्णोद्धार

सनदा, महजर, करीने, बखरी व ताम्रपट यांचा परामर्श घेणाऱ्या या त्रैमासिकांत लढाईंतील विजेच्या दिव्यावर लेख पाहून, मेढ्याच्या या म्हाताऱ्या मास्तरास आतां काय सुचलें, असें कित्येक वाचकांस वाटेल. आक्षेप रास्त आहे. तथापि ज्यास लोक सर्चलाइट म्हणतात व मी या लेखांत शोधदीप म्हणणार आहें, अशा एका जुन्या लष्करी दिव्याच्या दुरुस्तींत गेलीं सहा वर्षें मीं जो फुरसतीचा वेळ घालविला, त्यांत पोथीच्या संपादकास येणाऱ्या बहुतेक अडचणी मला भेटल्या. आणि एके ठिकाणीं तर मीं असा प्रमाद केला कीं, जो पोथीच्या बाबतींत माझ्या हातून कधींहि झाला नसता. तो प्रमाद उघड करणें हा या लेखाचा मुख्य हेतु आहे. परंतु दिव्याची रचना ध्यानांत आल्यावांचून प्रमादाचें स्वरूप कळावयाचें नाहीं, म्हणून आधीं थोडा पूर्वेतिहास व थोडी यंत्ररचना सांगतों.

युद्धांत उजेडाचा उपयोग करण्याची कल्पना नवी नव्हे. द्रोणपर्वांत जयद्रथवधानंतर चौदाव्या दिवसाचें युद्ध रात्रींहि चालूं राहिलें, तेव्हां दुर्योधनानें पायदळास शस्त्रें खालीं ठेवून हातीं दिवे घेण्याची आज्ञा केली. कौरवांनीं प्रत्येक रथास पांच, हत्तीस तीन व घोड्यास एक असे दिवे लावले; पांडवांनीं त्यांवर ताण करून हत्तीस सात, रथास दहा व घोड्यास दोन लावले. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सित आवृत्तींत हें पर्व सुशीलकुमार दे यांनीं संपादिलें आहे. जिज्ञासूंनीं घटोत्कचवधाचें प्रकरण काढून पाहावें. मला त्यांतील संख्येपेक्षां ती आज्ञाच अधिक मार्मिक वाटते. दिवा घ्यावयाचा तर शस्त्र ठेवावें लागतें. शिवाय ज्याच्या हातीं दिवा, तोच शत्रूस आधीं दिसतो. मशाल, दिवटी, हिलाल, चंद्रज्योत हीं आपल्या दफ्तरांतून ठिकठिकाणीं भेटणारीं सर्व साधनें या दोषापासून मुक्त नाहींत. म्हणूनच आपल्याकडे त्यांचा उपयोग शत्रूला हुडकण्यापेक्षां इशाऱ्यासाठीं अधिक शोभला. १६७० सालीं सिंहगड घेतल्यावर पागेचीं खोपटें पेटवून दिलीं व त्या उजेडावरून राजगडीं महाराजांस गड हातीं आल्याचें समजलें, असें सभासद सांगतो. तेथें दिसावें हाच उद्देश होता, पाहावें हा नव्हता. माझ्या गांवाहून केळघरचा घाट चढून महाबळेश्वरावरून प्रतापगडास जातां येतें. तेथें अलीकडे नवरात्रांत तटावर शेंकडों मशाली लावतात. तो देखावा पाहण्यासारखा असतो, पण मशालीपासून वीस हात दूर गेल्यावर पुनः अंधारच, हेंहि तेथेंच कळतें.

हा न्याय उलटा केला तो कार्बनच्या आर्कनें. हंफ्रे डेव्हीनें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं दाखविलें कीं, कोळशाच्या दोन कांड्यांतून वीज खेळवून त्यांचीं टोकें एकमेकांस लावलीं व लगेच किंचित् दूर केलीं, तर मधल्या फटींत डोळ्यांस न साहवणारी ज्योत उभी राहते. एकाच दिशेनें वाहणारी वीज दिली तर धन बाजूच्या कांडीच्या टोकास लहानशी वाटी पडते व बहुतेक सर्व प्रकाश त्या वाटींतूनच निघतो. तिची उष्णता सुमारें ३,७०० अंश सेंटिग्रेड असते. ही वाटी अंतर्गोल आरशाच्या बरोबर नाभीवर धरली कीं तिचे किरण चोहोंकडे न विखुरतां समांतर होऊन एकाच दिशेनें जातात. झोत म्हणजे एवढेंच. या झोतांत सांपडलेल्यास समोरचें कांहींएक दिसत नाहीं, आणि झोतामागें उभा असलेला सर्व कांहीं पाहतो.

१८७०-७१ च्या पॅरिसच्या वेढ्यांत असे दिवे लावले गेले. मग आरशाची अडचण पुढें आली, कारण कांचेस शुद्ध अन्वस्ताचा आकार देणें त्या काळीं फार कठीण होतें. १८७६ त मांजँ या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यानें निराळ्या वक्रतेच्या दोन गोल पृष्ठांचा, पाठीमागें चांदीचा मुलामा दिलेला कांचेचा आरसा काढून ती टाळली. पोर्ट आर्थरच्या वेढ्यांत, म्हणजे १९०४-०५ त, हे दिवे जमिनीवर व समुद्रावर सर्रास होते. त्यानंतर जर्मनींत बेक व अमेरिकेंत स्पेरी यांनीं धन कांडीच्या गाभ्यांत सेरियमचे क्षार भरून व ती कांडी स्वतःभोंवतीं फिरती ठेवून प्रकाश पुष्कळ वाढविला. दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन ६० इंची शोधदीप हा या जातीचा उत्कर्ष होय. त्याची धन कांडी १६ मिलिमीटर जाड, ऋण कांडी ११ मिलिमीटर. वीज ७८ व्होल्ट व १५० अँपिअर. आणि तेज ८० कोटी मेणबत्त्यांचें. विजेसाठीं सोबत स्वतंत्र इंजिन व जनित्र ओढून न्यावें लागे. पुढें रडारच तोफांस लक्ष्य दाखवूं लागलें व विमाने फार उंचावरून जाऊं लागलीं, तेव्हां हे दिवे निरुपयोगी ठरून भंगाराच्या भावानें विकले गेले. इंग्लंड-अमेरिकेंत हौशी माणसें ते विकत घेऊन, इंजिनासह दुरुस्त करून, पुनः लावतात. आपल्याकडे हा छंद विरळा.

विरळा खरा, पण या विषयांतील एक अत्यंत दुर्मिळ वस्तु आपल्याच महाराष्ट्रांत आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, येथें चिलखती दलाचें रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ पासून आहे. तेथील मांडणींत ग्रँट जातीचा एक रणगाडा असा आहे कीं, सहज जाणाऱ्यास तो इतर ग्रँटांसारखाच वाटावा. पण त्याचा बुरूज निराळा आहे. या बुरुजांत शोधदीप बसविण्याची योजना असे, व त्याच्या पुढील पोलादी भिंतीस उभी अरुंद फट ठेवलेली असे. इंग्रजांनीं या साधनास ‘कालवा-संरक्षक दिवा’ असें नांव दिलें होतें. कालव्याशीं त्याचा संबंध नव्हता. कानावर गेलें तरी कोणास खरा अर्थ कळूं नये, एवढ्याचसाठीं तें नांव. दुसरा असा रणगाडा, माटिल्डा जातीचा, इंग्लंडांत डॉर्सेट परगण्यांतील बोव्हिंग्टन येथील संग्रहालयांत आहे. तिसरा माझ्या वाचनांत नाहीं.

या दिव्याची रचना मोठी चतुर होती. फट सुमारें २४ इंच उंच व अवघी २ इंच रुंद. आंतील दिवा व आरसा अशा बेतानें ठेवलेले कीं सर्व किरण फटीशीं एकत्र येऊन तींतून बाहेर पडावेत व मग पंख्यासारखे आडवे पसरावेत. त्यामुळें एक हजार यार्डांवर ३४० यार्ड रुंद व ३५ यार्ड उंच एवढा पट्टा उजळून निघे, आणि शत्रूच्या गोळ्यांस मात्र दोन इंचांचीच वाट राही. तेज सुमारें १ कोटी ३० लाख मेणबत्त्यांचें. फटीस झडप होती. ती भराभर उघडझांप केली म्हणजे पाहणाऱ्यास दिवा किती दूर आहे याचा अदमास येत नसे. ग्रँटाच्या या बुरुजावर तोफेची लाकडी नक्कलहि बसवीत, म्हणजे दुरून तो साधा रणगाडाच भासावा. मार्सेल मिट्झाकिस यांनीं ही योजना १९३० च्या पुढील दशकांत सरकारपुढें मांडली; सैनिकांचें शिक्षण उत्तर इंग्लंडांतील लौदर किल्ल्याच्या आवारांत गुप्तपणें झालें. परंतु गुप्ततेचा अतिरेक असा झाला कीं ज्या सेनापतींनीं हें साधन वापरावयाचें, त्यांसहि त्याची नीट माहिती नसे. शेवटीं १९४५ च्या मार्चांत ऱ्हाइन नदी ओलांडतांना त्याचा थोडासा उपयोग झाला. मेजर-जनरल फुलर यांनीं युद्धानंतर या दिरंगाईवर फार कडक लिहिलें आहे. त्याच वर्षीं या दिव्यांचें एक ब्रिटिश रणगाडादळ मलायाच्या मोहिमेसाठीं हिंदुस्थानांत आलें. मोहिमेपूर्वीं जपान शरण गेलें, आणि १९४६ त कलकत्त्याच्या दंगलींत पोलिसांच्या मदतीस हे दिवे रस्त्यांवर उभे राहिले. शत्रूसाठीं सात पडद्यांआड ठेवलेलें साधन अखेर दंगलखोरांच्या डोळ्यांवर लागलें, हा दैवदुर्विलास होय.

हें येथें विस्तारानें सांगण्याचें कारण असें. तो बुरूज विद्रूप आहे असें समजून कोणी सद्धेतूनें तो उतरविला असता व त्या जागीं साधा बुरूज बसविला असता, तर एक ‘सुंदर’ ग्रँट तयार झाला असता आणि जगांतील दोहोंपैकीं एक साक्षीदार नाहींसा झाला असता. चमत्कारिक पाठ दिसला म्हणून तो सोपा करणाऱ्या लेखकूनें पोथ्यांचें काय केलें आहे, तें या वाचकांस सांगावयास नको. अशा वस्तूचें पूर्ववृत्त तिच्या अंगावरील आंकडे, खुणा व रंगांचे थर यांतूनच वाचावें लागतें. आणि हें सर्व मला ठाऊक असतांनाहि मीं काय केलें, तें आतां सांगतों.

सहा वर्षांपूर्वीं पुण्याच्या जुन्या बाजारांत एका बुधवारीं मला दोन फूट व्यासाचा मोडका शोधदीप दिसला. पत्र्याचा नगारा, त्यास दोहों बाजूंनीं धरणारा लोखंडी काटा, पुढें कांचेच्या उभ्या पट्ट्यांचें दार. उष्णतेनें सबंध कांच तडकते म्हणून अशा दिव्यांस पट्ट्यांची कांच घालतात. त्यांतील पांच पट्ट्या फुटल्या होत्या. नगाऱ्यावर काळा तेलरंग व त्यावर लाल चांदणी काढलेली. विकणाऱ्यानें सांगितलें कीं माल सर्कशींतून आला आहे. ते मला पटलें, कारण माझ्या लहानपणीं साताऱ्यास सर्कस आली कीं तिचा झोत रात्रीं आकाशांत फिरे व आम्ही पोरें तो पाहण्यासाठीं घरावर चढत असूं. भाव ठरवून मीं तो टेंपोंत घालून मेढ्यास आणला. घरच्या मंडळींची प्रतिक्रिया येथें लिहिण्याचें प्रयोजन नाहीं.

दिवा ओसरीवर आला तेव्हां मला एकच दिसत होतें, ती सर्कशीची ओंगळ चांदणी. कॉस्टिक सोडा, तारेचा ब्रश व तीन दिवस, एवढ्यांत मीं नगारा पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासून काढला व स्वतःवर फार संतुष्ट झालों. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मागच्या झांकणाची बिजागरी काढली, तेव्हां तिच्याखालीं तळहाताएवढा जुना रंग तसाच राहिलेला आढळला. काळ्याखालीं हिरवा, हिरव्याखालीं वाळूच्या वर्णाचा, व त्या वाळूच्या रंगावर छाप्यानें उठविलेले पांढरे आंकडे: दोन पूर्ण, तिसऱ्याचा डावा अर्धा. त्यांच्या शेजारीं तीन रेघांची बाणखूण. ही खूण म्हणजे ब्रिटिश सरकारच्या लष्करी मालाचें मोर्तब. हिंदुस्थान सरकारच्या मालावर तिच्यासोबत आय हें रोमन अक्षर असे. माझ्या तुकड्यावर बाणाच्या खालची जागा नेमकी घासली गेली होती. अक्षर असलें तरी तें सोड्याबरोबर मोरींतून वेण्णेस मिळालें.

वाळूचा रंग उत्तर आफ्रिका व मध्यपूर्वेंत जाणाऱ्या सामानास देत असत, आणि हिंदी चौथी व पांचवी डिव्हिजन तेथें लढल्या, हें सर्वश्रुत आहे. परंतु एवढ्यावरून माझा दिवा तेथें गेला होता असें विधान करणें म्हणजे पहिलें व शेवटचें पान नसलेल्या पोथीस कर्ता चिकटविण्यासारखें आहे. क्रमांक पूर्ण असता तर लष्करी दफ्तरांत त्याचा माग काढतां आला असता. तो मीं माझ्या हातानें पुसला. चाळीस वर्षें मुलांना ‘मूळ पाठास हात लावूं नका’ असें शिकवणाऱ्या माणसानें, केवळ वस्तु लोखंडाची होती म्हणून, तिला मजकूर असूं शकतो हें ध्यानांतच घेतलें नाहीं. पोथीवर तेलाचा डाग असता तर मीं तिला सोड्यानें धुतली असती काय?

त्या दिवसापासून मीं हत्यार खालीं ठेवलें व वही हातीं घेतली. हस्तलिखिताचें वर्णन करतांना आपण पत्रसंख्या, ओळी, मोजमाप, शाई, त्रुटित भाग हें सर्व टिपतों. त्याच धर्तीवर मीं दिव्याचें वर्णन लिहिलें. प्रत्येक स्क्रूची जागा, प्रत्येक तारेचा मार्ग, प्रत्येक डाग. पितळी पाटी काढण्यापूर्वीं तिच्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीनें ठसा घेतला, जसा शिलालेखाचा घेतात तसा. पाटी मात्र घांसली नाहीं. आमच्या घरीं पितळ दिसलें कीं चिंच व राख घेऊन बसण्याची रीत आहे, म्हणून ती पाटी मीं कांहीं महिने पुस्तकांच्या कपाटांत लपवून ठेवली होती. त्या उरलेल्या रंगाच्या तुकड्यावर बिजागरी पुनः बसविली नाहीं; कांचेचें झांकण करून तो उघडा ठेवला आहे.

दुसरा नियम मीं सुकथनकरांपासून घेतला. महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत जो पाठ पूर्ण निश्चित नाहीं, त्याच्याखालीं नागमोडी रेघ दिलेली असते, हें सर्वांस ठाऊक आहेच. वाचकास संपादकाचें मत मिळतें, पण तें मत आहे हेंहि त्याच वेळीं कळतें. मीं नवीन घातलेल्या प्रत्येक भागावर, म्हणजे कांचेच्या पांच पट्ट्या, दोन स्क्रू, तारांचा एक जोड यांवर, आंतल्या बाजूस लहान नागमोडी रेघ व साल कोरलें आहे. शंभर वर्षांनीं ज्याच्या हातीं हा दिवा जाईल, त्यास मूळ कोणतें व मास्तरानें घातलेलें कोणतें, याचा घोटाळा होऊं नये. आणि जें घातलें तें सर्व काढतां येईल असेंच घातलें. मूळ धातूस एकहि नवें भोंक पाडलें नाहीं.

आरशाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण बहुतेक शोधदीप आरशाच्या दुरुस्तींतच मरतात. कांचेच्या पाठीवर चांदीचा पातळ थर, त्यावर संरक्षणासाठीं तांब्याचा थर व वर रंग, अशी साधारण रचना असते. कडेनें दमट हवा शिरली कीं चांदी काळी पडत आंत सरकते. माझ्या आरशाची कड चार बोटें गेली आहे. कांहीं मित्रांनीं नवा मुलामा द्यावा असा सल्ला दिला, पण तसें करण्यासाठीं जुना थर आम्लानें उतरवावा लागतो, आणि त्या थराच्या पाठीवर कारागिरानें काढलेले क्रमांक असतात. सोड्याचा अनुभव ताजा असल्यामुळें मीं नकार दिला. पुढील कांच ऊर्ध्वपातित पाण्यानें व जुन्या मऊ कापसानें पुसली, इतकेंच. मधला भाग अजून असा आहे कीं त्यांत पाहून दाढी करावी. मात्र नाक फार मोठें दिसतें.

हा आरसा उन्हांत उघडा नेऊं नये, ही सूचना कोणी मला दिली नव्हती. एके दिवशीं सकाळीं दहाच्या सुमारास तो अंगणांत पुसावयास घेतला, आणि क्षणार्धांत ओट्यावरील घोंगडीस लोकरीचा करपट वास सुटला. शाकुंतलाच्या दुसऱ्या अंकांत तपस्व्यांस दिलेला सूर्यकांत मण्याचा दृष्टांत मीं वर्गांत किती वेळां समजावून दिला असेल, पण त्याचें प्रत्यंतर त्या दिवशींच आलें. तेव्हांपासून आरशास जाड कापडाची खोळ असते व सूर्य मावळल्यावांचून ती निघत नाहीं. दुसरा धोका दिसत नाहीं, म्हणून अधिक वाईट. जुन्या आर्क-दिव्यांत तारांचें वेष्टण व उष्णतारोधक पट्ट्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या असतात. तो पांढरा तंतु सुटा होऊन श्वासाबरोबर छातींत गेला तर अनेक वर्षांनीं असाध्य रोग होतो. तो फुंकूं नये, झाडूं नये, कोरडा सोलूं नये. माझ्या दिव्यांतील अशा तारा मीं ओल्या करून, जशाच्या तशा गुंडाळून, मोहोरबंद केल्या आहेत व वीज नव्या तारांनीं वेगळ्या मार्गानें नेली आहे. आर्ककडे नुसत्या डोळ्यांनीं पाहणें तर सर्वथा वर्ज्य; वेल्डिंग करणाऱ्याची काळी कांच हवीच.

आतां प्रश्न उरला दिवा पेटविण्याचा. येथें माझ्या उपयोगी पडले ते तंबूंतल्या सिनेमाचे एक जुने ऑपरेटर. पुसेगांव, म्हसवड, पाल येथील यात्रांतून फिरणाऱ्या तंबूंतील सिनेमायंत्रांस पूर्वीं हाच कार्बनचा आर्क असे. पुढें झेनॉनचे दिवे आले व कार्बन गेला. शोधदीपाचें जें शास्त्र मीं पुस्तकांतून जमविलें, तें या गृहस्थांच्या बोटांत होतें. दोन कांड्यांमधील अंतर किती ठेवावें म्हणून मीं मिलिमीटर विचारूं लागलों, तेव्हां ते हंसून म्हणाले, “गुरुजी, कार्बन डोळ्यानं बघायचा नाही, कानानं ऐकायचा. फुसफुसला की जवळ आलाय, फडफडला की लांब गेलाय.” हें तंतोतंत खरें निघालें. बाजारांत धातु कोरण्यासाठीं मिळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांत दिव्यास लागणारा गाभा नसतो, म्हणून त्यांनीं स्वतःच्या पेटींतील सिनेमाच्या कांड्या दिल्या. त्या बारीक, तेव्हां मूळ पकड रुंद-अरुंद न करतां तिच्यांत पितळेची सुटी नळी बसवून त्या धरल्या. दिव्याच्या तळाशीं फडक्यांत बांधलेल्या दोन मूळ कांड्या मिळाल्या होत्या, त्या मात्र जाळल्या नाहींत. त्या वहीसोबत ठेवल्या आहेत.

कांडी जळेल तशी पुढें सरकविण्याचें दिव्यांत एक स्वयंचलित यंत्र असतें. माझ्या दिव्यांतील त्या यंत्राचें एक दांतेरी चाक गहाळ आहे. साताऱ्याच्या कारखान्यांतून अंदाजानें तसें चाक करून घेणें अशक्य नव्हतें. पण दांते किती, हें सांगणारा आधार नसतां केलेलें चाक म्हणजे संपादकानें स्वतः रचून घातलेला श्लोक. ती जागा मीं रिकामी ठेवली, वहींत ‘त्रुटित’ असें लिहिलें, आणि कांडी हातानें सरकविण्याचें ठरविलें. आर्क काढून टाकून त्या जागीं नव्या तऱ्हेचा एल.ई.डी. दिवा बसवावा, असेंहि एकानें सुचविलें. त्यास मीं उत्तर दिलें नाहीं.

गेल्या मार्गशीर्षांत, पोलिस ठाण्यास आधीं कळवून, झोत आकाशाकडे न नेतां वेण्णेपलीकडील डोंगराच्या उतारावर रोखून, आम्हीं दिवा लावला. सिनेमागृहाचा एक जुना रेक्टिफायर ऑपरेटरांनींच आणला होता. कांड्या भिडल्या, दूर झाल्या, आणि प्रथम चुलींत ओलें लाकूड घातल्यासारखा आवाज आला. मग तो थांबला व उजेड स्थिर झाला. नदीवर धुकें होतें, त्यामुळें झोत पांढऱ्या तुळईसारखा अंगणापासून पलीकडच्या कातळापर्यंत गेलेला दिसला. उतारावर दोन हिरवे ठिपके चमकले व विझले, भेकर असावें. नगाऱ्यामागें अंधारांत उभा राहून मीं तें पाहत होतों, आणि द्रोणपर्वांतील दिवा धरलेल्या पायदळाची मला आठवण झाली. अकरा मिनिटांनीं धन कांडी पकडीपर्यंत आली, तेव्हां वीज बंद केली. त्यानंतर दिवा पुनः लावलेला नाहीं. आणखी दोन कांड्या शिल्लक आहेत.

वहीचीं एकूण ८४ पृष्ठें झालीं आहेत. तिची एक नक्कल, पाटीच्या ठशासह, मंडळाच्या दफ्तरांत ठेवण्यासाठीं चिटणीसांकडे धाडली आहे. वाचकांपैकीं कोणापाशीं, अगर त्यांच्या माहितींतील एखादी जुनी सर्कस, गोदी, गिरणी किंवा संस्थानी वाडा यांत, असा दिवा असल्यास त्यांनीं तो साफ करण्यापूर्वीं पाटीचा ठसा, व्यास, आरशाच्या पाठीवरील आंकडे, आणि रंग कोठें उडाला असेल तेथील थरांचा क्रम वरपासून खालपर्यंत लिहून मंडळाच्या पत्त्यावर पाठवावा. बाणखूण असेल तर तिच्याखालील जागा विशेष लक्ष देऊन पाहावी.